केरू गुरवाचा उजवा कळा

सकाळचे पाच वाजून वीस मिनिटं झाली आहेत आणि केरू गुरव भैरीच्या देवळामागच्या बावेवर, म्हणजे विहिरीवर, पाणी ओढतो आहे. कळशी कठड्याशी आली की तो ती लगेच खांद्यावर घेत नाही. आधी नाकाजवळ धरतो, वास घेतो आणि मग बाजूला ठेवतो. दुसरी कळशी आली की तिचाही वास घेतो. पाण्याला आता कसलाही वास नाही. डिसेंबरात गावानं बाव उपसली, तळाचा गाळ काढला, चुना टाकला. तेव्हापासून हे पाणी देवाला चालतं आणि गुरवाच्या घरालाही; दुसरं कुणी इथलं भरत नाही. केरूच्या नाकाचं समाधान होत नाही. विचारलं तर म्हणतो, सवय लागली.

केळशेत हे गाव रत्नागिरीपासून एस.टी.नं पाऊण तासावर. वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, मध्ये आंब्याची कलमं, खाली खाडी. खाडीच्या तोंडाशी मुसलमान वाडी आहे आणि देवळाभोवती बाकीच्या वाड्या. केरू अट्ठेचाळीस वर्षांचा आहे. उंचीनं बेताचा, उजवा पाय जरा बाहेर फेकून चालणारा. देवळाचं काम त्याच्याकडे वडिलांकडून आलं. झाडलोट, देवाचं न्हाणं, दिवा, सणाला ढोल, लोकांसाठी गाऱ्हाणं घालणं आणि कौल लावणं. त्याबदल्यात देवाची थोडी जमीन तो कसतो आणि कापणी झाली की घरटी भात मिळतं. बायको मालन घर आणि शेत बघते. मुलगी राही दहावीत आहे.

या कामांत कौलाला मान सगळ्यात मोठा. देवाची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. गुरव तिला न्हाऊ घालतो, पुसून कोरडी करतो, छातीवर दोन्हीकडे बोटानं पाणी लावतो आणि उजवीकडे एक व डावीकडे एक अशा दोन पाकळ्या चिकटवतो. त्यांना कळे म्हणतात. मग माणूस प्रश्न विचारतो. उजवा कळा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. लग्न ठरवायचं, मुंबईची नोकरी सोडायची, म्हैस हरवली, सगळं या दोन पाकळ्यांवर. पाकळ्या लावतो गुरव, पण पाडतो देव, असं केळशेत पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललं आहे. केरूही तसंच धरून चालला होता. निदान तसं म्हणत होता.

गोष्ट सुरू झाली ती गावच्या गॅसबत्तीपासून. केळशेतात वीज आली आहे, पण ती सणाला हमखास जाते. म्हणून मुंबईच्या मंडळानं गणपतीत एक नवी कोरी बत्ती देवळाला दिली. ती देवळाच्या खोलीत ठेवायची, किल्ली केरूकडे, आणि देवाच्या कामाशिवाय बाहेर काढायची नाही, असं बैठकीत ठरलं. गावकर, म्हणजे गावचा पहिला मानकरी, हे ठरलेलं दोनदा बोलला होता आणि दोन्ही वेळा केरूकडे बघून.

देवदिवाळीच्या आदल्या संध्याकाळी केरूनं बत्तीत रॉकेल भरलं, ती पेटते का बघितली, विझवली आणि पाय धुवायला जाताना हातात तशीच घेऊन बावेवर गेला. कठड्यावर ठेवली. पाणी ओढताना दोराचा फटका बसला आणि बत्ती आत गेली. एवढंच झालं. गावात जाऊन सांगितलं असतं तर गावकर चार शब्द बोलला असता, बाळगोपाळांनी गळ टाकून बत्ती वर काढली असती आणि काच नवी बसवली असती. केरूनं ठरवलं की सकाळी कुणी उठायच्या आत आपणच काढू. सकाळी गळ टाकला, तो लागला नाही. दुपारी लोक बत्ती मागायला आले तेव्हा त्यानं खोली उघडली, आत बघितलं आणि म्हणाला, "हितंच होती." हे खरंच होतं. त्याच्यापुढचं वाक्य तो बोलला नाही. संध्याकाळपर्यंत ते बोलणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं, कारण तोवर गावात चोर शोधणं सुरू झालं होतं.

शिवा धनावड्याचं नाव कुणी घेतलं हे आता कुणालाच आठवत नाही. शिवा चिरे काढायच्या खाणीवर कामाला होता. रात्री खाडीत कुर्ल्या धरायला कंदील घेऊन जायचा, आणि बत्ती आली तेव्हा ती हातात घेऊन म्हणाला होता की ही मिळाली तर खाडी मोकळी करून टाकीन. लोक तेव्हा हसले होते. आता तेच वाक्य पुरावा झालं. शिवा नाही म्हणाला. गावकर म्हणाला, देवाला विचारू.

केरूनं मूर्तीला न्हाऊ घातलं. कळे लावले. गावकरानं विचारलं, शिवानं नेली असेल तर उजवा दे. देवळात माणसं दाटीवाटीनं उभी होती. उजवा कळा पडला.

बत्ती आणून ठेवीपर्यंत शिवानं गावच्या खाणीवर यायचं नाही आणि शिमग्याला त्याच्या दारात पालखी जाणार नाही, असं ठरलं. दारात पालखी न येणं म्हणजे काय हे केळशेतात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईहून माणसं रजा काढून येतात ती त्या एका दिवसासाठी.

इथे तीन मुलं येतात.

राही गुरव, बाळा शितप आणि नसीमा सोलकर दहावीच्या एकाच वर्गात. सड्यावरून हायस्कूलला चालत जायला तासभर लागतो आणि तो तास ती तिघं एकत्र काढतात. नसीमा खाडीच्या वाडीतली, बाप कुवेतला. तिला शाळेच्या पुस्तकपेटीत एक रहस्यकादंबरी मिळाली होती. शहरातली तीन मुलं सुट्टीत चोरी शोधून काढतात, पोलीस त्यांची पाठ थोपटतात, अशी. तिघांनी ती सड्यावरून चालता चालता मोठ्यानं वाचली, आळीपाळीनं. तेवढ्यात गावात खरीच चोरी झाली. चोर देवानंच सांगितला होता. आता पुरावा पाहिजे, असं बाळाचं म्हणणं. त्यांना शिवाला सोडवायचं नव्हतं, पकडायचं होतं. हे राहीनं पुढे कधी नाकारलं नाही.

पुस्तकातल्यासारखंच त्यांनी सगळं केलं. देवळाच्या मागच्या दाराशी ओल्या मातीत एक पाऊल उमटून सुकलं होतं. बाळानं त्यावर सुतळी धरून मापाला गाठी मारल्या. मग तिघं भर दुपारी शिवाच्या घरी गेली. शिवा पडवीत बसला होता. काम नव्हतं. बाळा म्हणाला, पाय मोजायचा आहे. शिवानं काही विचारलं नाही. पाय पुढे केला.

"घे," तो म्हणाला. "दुसरा पन घे. उगाच आर्धा काम नको."

शिवाची बायको चिमा आत तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही की आवाज चढवला नाही. "पाय झाले की त्यांचा तोंड पन मोजून न्या," ती म्हणाली. "गावात दाखवायला व्हईल."

माप जुळलं नाही. शिवाचा पाय मोठा निघाला. बाळा परतीच्या वाटेवर म्हणाला की चोर मुद्दाम आखडून चालला असेल.

"बाळा," नसीमा म्हणाली, "तुला चोर पायजे का शिवाच पायजे?"

राही दोघांच्या मागून चालत राहिली. मातीतलं पाऊल जरा बाहेर वळलेलं होतं, हे तिनंही पाहिलं होतं. पण देवळाच्या दारात गुरवाचं पाऊल असायचंच, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि ते बरोबरही होतं.

आठवडा असाच गेला. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिघं देवळामागे आली. नसीमा बावेच्या कठड्याला टेकली आणि तहान लागली म्हणाली. राही म्हणाली, इथलं नको, घरी चल, आम्ही हल्ली पऱ्याचं आणतो. पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा, देवळापासून चढावर. नसीमानं विचारलं, भरलेली बाव सोडून पऱ्यावर कशाला? आबा म्हणतात बावेत बेडूक मेलाय, राहीनं सांगितलं. नसीमानं दप्तरातून बापानं कुवेतहून पाठवलेली बॅटरी काढली आणि आत झोत टाकला. ती बॅटरी शोधकामासाठी ती रोज शाळेत नेत होती. पाण्यावर निळे-जांभळे वेढे फिरत होते.

"बेडूक नाय हा," ती म्हणाली. "लाँच उभी असते ना धक्क्याला, तिच्याखाली पानी असा दिसतं. रॉकेल हाय."

राहीला त्या क्षणी सगळं कळलं, आणि पुस्तकात अशा क्षणी जे वाटतं असं लिहिलेलं असतं त्यातलं काहीही तिला वाटलं नाही. पऱ्याचं पाणी तीच आणत होती, बापाच्या मागोमाग, रोज सकाळी. पहिल्यांदा आणलं ते देवदिवाळीच्या पहाटे. बत्ती नाही हे गावाला कळलं त्या दिवशी दुपारी. म्हणजे बत्ती कुठे आहे हे तिच्या बापाला गावाच्या आधी ठाऊक होतं. गावाशी तो खोटं बोलू शकला होता. देवाला मात्र रॉकेलच्या पाण्यानं न्हाऊ घालणं त्याला जमलं नव्हतं.

बाळानं तोवर घरून गळ आणला. बेडूक-बिडूक काही नाही, बत्ती आहे, असं तो ओरडत राहिला. बराच वेळ गळ फिरवल्यावर तो कशाला तरी अडकला. बत्ती वर आली. काच फुटलेली, टाकी चेपलेली, झाकणाजवळून अजून रॉकेल झिरपत होतं.

त्याच वेळी केरू पऱ्यावरून कळशी घेऊन उतरला. कठड्यावर बत्ती बघून थांबला. बाळाला शंका कसली ती आली नव्हती.

"केरूकाका, बघा," तो म्हणाला. "शिवानं बावेत टाकलीन. पकडला जायीन म्हणून."

केरूनं कळशी खांद्यावरून उतरवली नाही. "असंल," तो म्हणाला.

दोन महिने झाले, घडलेलं सांगताना केरू इथेच अडखळतो. बत्ती पडली ते सांगतो. कळ्याचं सांगतो. पण मुलानं आयतं खोटं पुढे केलं आणि आपण ते घेतलं, हे सांगताना त्याची मान खाली जाते. गावापुढे भीती होती, तो म्हणतो. त्या पोरांपुढे कसली होती?

राही म्हणाली, "आबा, आपन पऱ्याचा पानी कवापासून आनतो?"

केरूनं खांद्यावरची कळशी नीट केली.

"देवदिवाळीच्या सकाळपासून," तिनंच सांगितलं. "मी होते ना बरोबर."

केरूनं कळशी खाली ठेवली. मग तो कठड्यावर बसला, मुलांकडे पाठ करून. थोड्या वेळानं त्यानं घडलेलं सगळं सांगितलं, दोराच्या फटक्यापर्यंत. बाळा ऐकत होता आणि हातातली सुतळी गुंडाळत होता. त्यांच्या पुस्तकात चोर दाढीवाला होता आणि परगावचा होता.

"आन्‌ कळा?" राहीनं विचारलं.

"कळा देवान पाडला."

"आबा, मी पाकळ्या देत होते तुमाला. उजव्या अंगाला तुमी पानी लावलाच नाय. नुसता बोट फिरवलात."

केरूनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हय. शिवाचा नाव निघाला नसता तर माजा निघाला असता." आणि थोडं थांबून, "तू बगितलंस ता? मग तवाच का नाय बोललीस?"

हा प्रश्न त्यानं रागानं विचारला नव्हता. तिनं बोट पाहिलं होतं, कोरडा पाषाण पाहिला होता आणि तरी ती सुतळी घेऊन शिवाच्या पडवीत गेली होती. आपला बाप चुकला असेल, यापेक्षा शिवा चोर असेल हे मानणं तिला सोपं गेलं होतं.

केरू म्हणाला, उद्या सकाळी गावात सांगतो. राही म्हणाली, "आज." बाळा आणि नसीमाला तिनं एवढंच सांगितलं की आबा बोलेपर्यंत तुम्ही बोलू नका. नसीमानं मान हलवली आणि बॅटरी दप्तरात टाकली. बाळानं बत्ती हातात घेतली होती, ती परत कठड्यावर ठेवली.

संध्याकाळच्या दिवाबत्तीला केरूनं गावाला बोलावलं आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे माणसाच्या वतीनं गुरवानं देवापुढे मोठ्यानं सांगणं. त्याची रीत अशी की गुरव एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्या होकाराशिवाय ते पुरं होत नाही. केरूनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका देवापुढे मांडल्या होत्या. कुणी देवाच्या झाडाची फांदी तोडली, कुणी नवस फेडला नाही. त्या वेळी त्याचा आवाज खणखणीत असतो. या वेळी मागच्यांना तो नीट ऐकूही आला नाही.

"बा भैरी म्हाराजा," तो म्हणाला, "गावची बत्ती ह्या केरू गुरवाच्या हातान बावेत गेली."

कुणी काही म्हणालं नाही.

"शिवा धनावड्यान ती नेलेली नाय. कळा मी पाडला. पानी मी लावला नाय. तुजा नाव मी घेतला."

मालन बायकांच्या बाजूला होती. तिला हे त्याच वेळी कळलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि बाकीच्या बायका तिच्यापासून जरा सरकल्या. राहीनं "व्हय म्हाराजा" म्हणायला तोंड उघडलं आणि तिला ते म्हणता आलं नाही. शिवाला बोलावणं गेलं होतं. तो आत आला नव्हता, बाहेर दीपमाळेपाशी उभा होता. सगळ्यांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. हा होकार पहिल्यांदा त्यानं द्यायला हवा होता. शिवानं केरूकडे बघितलं, मग गावकराकडे बघितलं, पायात चपला घातल्या आणि निघून गेला.

शेवटी गावकर घसा खाकरून म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग बाकीचे म्हणाले. गावाच्या दृष्टीनं गाऱ्हाणं पुरं झालं. शिवाला खाणीवर परत बोलावलं, पालखी त्याच्या दारात जाईल असं सांगितलं. बाव उपसली. बत्तीला नवी काच आली. केरूला कुणी काढलं नाही, कारण दुसरा गुरव नाही आणि देवाला पारोसं ठेवता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी केरू शिवाच्या घरी गेला. पडवीत बसला. चिमानं पाणी आणून दिलं, पाहुण्याला देतात तसं, गुळासकट. शिवा आतून आला नाही. केरू पाणी प्यायला, तांब्या उपडा ठेवला आणि परत आला. नंतर आणखी एकदा गेला, तेव्हाही तसंच झालं. त्याला शिव्या चालल्या असत्या, असं तो म्हणतो. गूळ नको होता.

शाळेत मात्र हे सगळं निराळ्या तऱ्हेनं पोचलं. बाळानं ते शोधाची गोष्ट म्हणून सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मुख्याध्यापकांनी तिघांचा प्रार्थनेच्या वेळी नारळ देऊन सत्कार ठरवला. त्या दिवशी राही शाळेत गेली नाही. नसीमा गेली, पण नारळ घ्यायला पुढे झाली नाही. बाळानं एकट्यानं घेतला आणि संध्याकाळी तो शिवाच्या पडवीत नेऊन ठेवला. सकाळी तो बाळाच्या घराच्या पायरीवर होता. त्यानंतर बाळानं शोधाची गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. रहस्यकादंबरी नसीमानं पेटीत परत टाकली.

लोक कौल लावायला अजून येतात. केरूला हे सगळ्यात अवघड जातं. त्याला वाटलं होतं की आता कुणी येणार नाही. पण लग्नं ठरवायची आहेत, म्हशी हरवतात. माणसं येतात, पाकळ्या आणतात आणि केरूच्या हातांकडे बघत उभी राहतात. त्यानं आता रीत थोडी बदलली आहे. ज्याचा प्रश्न त्यानं स्वतः पाषाणाला दोन्हीकडे पाणी लावायचं. केरू फक्त पाकळ्या टेकवतो आणि हात मागे बांधून बाजूला होतो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे नवीन काय काढलंस? केरू म्हणाला, हात थरथरतात. त्याचे हात थरथरत नाहीत. राहीनं हे ऐकलं आणि दिव्यात तेल घालत राहिली.

शिवा गावच्या खाणीवर परत गेला नाही. तो हायवेकडच्या खाणीवर जातो. तिकडचा ट्रक सहा वाजता तिठ्यावरून माणसं उचलतो. तिठ्याकडची वाट देवळावरून आहे, दुसरी नाही. पूर्वी शिवा वाटेत थांबायचा, चपला काढायचा, घंटेला हात लावायचा आणि आत वाकून केरूला एखादा टोमणा मारायचा की देव उठला का गुरवच झोपलाय. आता तो देवळासमोर आला की कंदील दुसऱ्या हातात घेतो आणि चालत राहतो. केरू त्या वेळी गाभाऱ्यात असतो. उजेड भिंतीवरून सरकतो तेवढा त्याला दिसतो. घरी शिवा बाहेर येत नाही, पण इथून तो रोज जातो, हे केरूला कळतं. दारात येऊन उभं राहावं, असं त्यानं अनेकदा ठरवलं. मूर्तीवर अर्धं पाणी घालून सोडता येत नाही, हे कारण त्याला रोज सापडतं.

आज रविवार, खाण बंद. कळशीचा वास घेऊन झाल्यावर केरूनं देवाला न्हाऊ घातलं आणि दिवा लावला. मग राहीला सांगितलं की उद्यापासून न्हाणं अर्धा तास अलीकडे घेऊ, मला पावणेसहाला दारात मोकळं उभं राहायचंय. राहीनं कशाला म्हणून विचारलं नाही. घड्याळाला चावी दिली.

उद्या सोमवार. देऊळ चार वाजून पन्नास मिनिटांनी उघडेल. ट्रक तिठ्यावरून सहा वाजता सुटतो.